एकच रवा, तीन चुली

दोन वर्षांपूर्वी पित्ताशयात खडे असतील अशा संशयावरून माझी सोनोग्राफी झाली. पोटावर गार जेल, खोलीत अंधार, आणि प्रोब फिरवणारी डॉक्टर म्हणजे इंदुरात आमच्या रामबागेतल्या जुन्या शेजाऱ्यांची धाकटी सून. जन्मभर कॉलेजात गणित शिकवलेल्या माणसाला आडवं पडूनही गप्प राहवत नाही. मी तिला पडदा जरा माझ्याकडे वळवायला सांगितला. शिऱ्यासाठी भाजायला घेतलेल्या रव्यासारखं काहीतरी करडं, दाणेदार पसरलेलं दिसलं. "हे असं रवाळ का गं दिसतं?" मी विचारलं, आणि मग बढाई मारलीच, "माझी एक विद्यार्थिनी हाच रवा घालवण्यावर पीएच.डी. करते आहे. तिची पद्धत लावली तर चित्र कसं गुळगुळीत होईल बघ."

तिने प्रोब जागच्या जागी थांबवला. "काका, तेवढं गुळगुळीत मला नको हं. हा रवा बघूनच मी लिव्हर वाचते. रवा जाड व्हायला लागला की मला शंका येते. तुम्ही तोच काढून टाकलात तर मी काय बघू?"

खडा निघाला नाही. पण घरी परतलो तो डोक्यात दुसराच खडा घेऊन. माझी विद्यार्थिनी तीन वर्षं ज्याला 'नॉइज' म्हणत आली, जो किती घालवला यावर तिचे दोन पेपर छापून आले, ती या डॉक्टरबाईंची रोजची माहिती होती. रिपोर्टात 'इकोटेक्श्चर' म्हणून जी ओळ असते ती याच रव्याबद्दल असते. एकीचं घर सुदामानगरात, दुसरीचं रामबागेत. स्कूटरने वीस-पंचवीस मिनिटं. हे अंतर तीन वर्षांत कापलं गेलं नाही याचा दोष मी मुलीला देत नाही. आपण संशोधक ज्या रीतीने घडवतो, त्या रीतीतच ते अंतर पक्कं बांधून ठेवलेलं आहे.

तिने पद्धत तपासली होती कशावर? लेनावर. इमेज प्रोसेसिंगवाल्यांना ही बाई घरच्यासारखी. १९७२ सालच्या एका अमेरिकी पुरुषी मासिकातला फोटो, खांद्यापर्यंत कापलेला, पुढच्या वर्षी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात स्कॅन केलेला, ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांचा. टोपी, पिसं, उघडा खांदा. पन्नास वर्षं जगभर याच बाईवर डाग पाडले गेले आणि याच बाईचे डाग पुसले गेले. आयईईई कम्प्युटर सोसायटी या संगणकवाल्यांच्या जागतिक संस्थेने एप्रिल २०२४ पासून हा फोटो असलेले पेपर घेणं बंद केलं. बरंच झालं, पण माझी तक्रार निराळी आहे. लेनावरचा रवा खरा नसतोच. आधी स्वच्छ फोटोवर संगणकाकडून हिशेबाने रवा भुरभुरवायचा, मग आपल्या सूत्राने तो वेचायचा, आणि किती वेचला त्याचे डेसिबल मोजायचे. आपणच सांडायचं, आपणच पुसायचं आणि फरशी चकचकीत झाली म्हणून छापायला पाठवायचं.

खरा रवा कसा पडतो? सोनोग्राफीतला ध्वनी, लेझरचा प्रकाश आणि रडारच्या लहरी या तिन्ही ठिकाणी लाटा शिस्तीच्या, एका ठेक्यात चालणाऱ्या असतात. अशी लाट लिव्हरवर पडली की पडद्यावरच्या एका ठिपक्याएवढ्या जागेतल्या असंख्य बारीक कणांवरून ती परतते. परतलेल्या लाटांचे चढ एकमेकांवर पडले की ठिपका उजळतो. एकीचा चढ दुसरीच्या उतारावर पडला की काळवंडतो. शेजारच्या ठिपक्यात कणांची मांडणी जरा वेगळी, म्हणून तिथला निकाल वेगळा. अशा सरमिसळीची बेरीज लॉर्ड रॅली यांनी १८८० मध्येच मांडून ठेवली होती. याला स्पेकल म्हणतात. मी आपला रवाच म्हणणार. एक दाणा म्हणजे एक पेशी नव्हे, हे डॉक्टरलाही ठाऊक असतं. पण आतली वीण बदलली की रव्याचा पोत बदलतो, आणि नजर त्या पोतावर तयार झालेली असते.

या रव्याची आणखी एक खोड म्हणजे तो सगळीकडे सारखा पडत नाही. उजळ जागी जास्त, अंधाऱ्या जागी कमी. एकाच नजरेत टिपलेल्या, म्हणजे अनेक चित्रांची सरासरी न काढलेल्या, रडारचित्रात तर तीव्रतेची जेवढी सरासरी तेवढाच तिचा चढउतार. शंभर ग्रॅम तोलायचे आणि काटा शंभर ग्रॅमने थरथरतो, असा प्रकार. बेरजेने मिसळणारी चूक सोसते. हा गुणाकाराने मिसळतो.

आता हा रवा आमच्या इंदुरात कुठे कुठे सांडला आहे ते बघा. राजेंद्रनगरच्या पलीकडे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. १९८४ मध्ये पायाभरणी झाली तेव्हाचं 'कॅट' हे नाव इंदूरकरांच्या तोंडून अजून गेलेलं नाही. रस्ताही कॅट रोडच. तिथे लेझरवर काम चालतं, आणि लेझर भिंतीवर पाडला की भिंतसुद्धा रवाळ दिसते. घरातल्या पॉइंटरनेही दिसते, जरा निरखून बघा. ही एक चूल. दुसरी चूल दवाखान्यांची, एमवाय या मोठ्या सरकारी रुग्णालयापासून गल्लीतल्या सोनोग्राफी सेंटरपर्यंत. तिसरीसाठी खंडवा रोडला लागावं लागतं. भंवरकुआच्या कोचिंगच्या पाट्या मागे पडल्या की विद्यापीठाचा तक्षशिला परिसर, त्याच रस्त्यावर सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था, आणि आणखी पुढे, घाटाच्या अलीकडे, सिमरोलला २००९ साली स्थापन झालेली आयआयटी.

सोयाबीनचा आणि रव्याचा काय संबंध, असं बायकोनेही विचारलं होतं. माळव्यात सोयाबीन पेरतात जूनअखेर किंवा जुलैत, काढतात सप्टेंबर-ऑक्टोबरात. पीक शेतात उभं असतं ते नेमकं ढगांच्या दिवसांत, आणि साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला वरून नुसते ढग दिसतात. रडार ढगांतून आरपार बघतं. युरोपचा सेंटिनेल-१ हा रडार-उपग्रह साडेपाच सेंटिमीटरच्या लहरीने बघतो आणि चित्रं फुकट देतो. भारत-अमेरिकेचा निसार ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला. पण रडारचित्र म्हणजे पुन्हा रवाच. आणि आता पीकविम्यात तंत्राने काढलेल्या उत्पन्नाच्या अंदाजाला वजन आलं आहे: भात आणि गव्हासाठी २०२३ पासून किमान ३० टक्के, पाठोपाठ सोयाबीनही त्या यादीत. सांवेर-देपालपूरकडे कुठे काय पेरलंय हे ढगाळ दिवसांत ओळखायचं, तर हा रवा चाळल्यावाचून इलाज नाही, आणि शेवटी तो हिशेब शेतकऱ्याच्या खात्यावर उतरतो.

चाळताना फसगत कशी होते त्याचा एकच नमुना देतो. गुणाकार नको असला की आम्ही गणितवाले लॉगॅरिदम घेतो. गुणाकाराची बेरीज होते, तिची सरासरी काढायची आणि उलट फिरून परत यायचं. अकरावीतलं तंत्र. पण लॉगांची सरासरी म्हणजे सरासरीचा लॉग नव्हे. एका नजरेच्या रडारचित्रावर हे भोळेपणाने केलं तर उत्तर खऱ्याच्या जेमतेम ५६ टक्के येतं, ऑयलरचा ०.५७७ हा स्थिरांक मधे येऊन बसतो. शेतातून शंभर परत आले असतील तर कागदावर छप्पन. जाणकार दुरुस्ती करून घेतात, त्यांची चिंता नाही. पण तयार सॉफ्टवेअरचं बटण दाबणाऱ्या पोराला हे कोण सांगणार? आणि ज्या एम.एस्सी.च्या पोरीला ऑयलरचा स्थिरांक दहा घरांपर्यंत पाठ आहे, तिला रडारचित्र कोण दाखवणार?

तेव्हा रवा एक आणि चुली तीन. गणित विभाग मात्र वाटणीच्या दिवशी गावाला गेलेल्या चौथ्या भावासारखा. त्याच्या वाट्याला फळा आला आणि तो त्यावर खूश आहे.

चुली एक करा, असं मी म्हणत नाही. केंद्राचं खातं वेगळं, राज्याचं वेगळं, दवाखान्याचा मालक वेगळा. त्या एक होणार नाहीत आणि व्हायची गरजही नाही. माझं म्हणणं विद्यार्थ्यापुरतं आहे. सिग्नल आणि प्रतिमा यांच्या गणितात संशोधन करणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने पीएच.डी.चा निदान तिसरा हिस्सा दुसऱ्याच्या चुलीपाशी काढला पाहिजे, जिथे सिग्नल जन्माला येतो तिथे. भेट देऊन नव्हे, मुक्काम करून. आणि हे मुलाच्या हौसेवर किंवा गाइडच्या मर्जीवर न सोडता पदवीच्या अटींमध्ये घातलं पाहिजे.

आमच्या विषयात वेव्हलेट्सची, म्हणजे सिग्नल मोजायच्या छोट्या, लवकर विरणाऱ्या लाटांची, जन्मकथा सगळ्यांना पाठ असते. झाँ मोर्ले हे एल्फ आकितेन या फ्रेंच तेलकंपनीतले इंजिनिअर. जमिनीला धक्का द्यायचा, परतणारे प्रतिध्वनी वाचायचे आणि खाली काय आहे ते सांगायचं, हे त्यांचं काम. फुरियेच्या पद्धतीने कोणते सूर आहेत ते कळे, पण कोणता सूर केव्हा वाजला ते निसटे. त्यांनी स्वतःची एक युक्ती बसवली. तिला सिद्धान्ताचा आधार दिला मार्सेच्या ॲलेक्स ग्रॉसमन या भौतिकशास्त्रज्ञांनी. दोघांचा पेपर १९८४ चा. तो पॅरिसजवळच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये झेरॉक्स मशीनपाशी ईव्ह मेयर या गणितज्ञांच्या नजरेस पडला. त्यांनी ओळखलं की हे तर गणितज्ञ काल्देरोन यांचं सूत्र, आपल्याकडे वीस वर्षं शुद्ध गणितात पडून असलेलं. आणि पहिली गाडी पकडून ते मार्सेला गेले. पुढे इंग्रिड दोबेशी यांचे १९८८ चे वेव्हलेट्स आले, १९९३ मध्ये एफबीआयने बोटांचे ठसे साठवायला हीच पद्धत घेतली, २०१७ मध्ये मेयर यांना आबेल पुरस्कार मिळाला. लोक या गोष्टीतल्या झेरॉक्स मशीनवर खूश असतात. मला ते गाडीचं तिकीट महत्त्वाचं वाटतं. आमच्याकडे पेपर आवडला तर माणूस ईमेल करतो, आणि उत्तर आलं नाही तर दुसऱ्या विषयाकडे वळतो.

गाडी चुकल्याचीही गोष्ट आहे. एखाद्या आकृतीच्या आरपार जाणाऱ्या सगळ्या रेषांवरच्या बेरजा माहीत असतील तर आकृती परत मिळवता येते, हे योहान राडोन यांनी १९१७ मध्ये सिद्ध केलं. वर्गात मी हे लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर चार खणांनी दाखवत असे. वरच्या ओळीत १ आणि ४, खालच्या ओळीत ६ आणि ३. आकडे मुलांपासून लपवायचे, बेरजा तेवढ्या सांगायच्या: आडव्या ५ आणि ९, उभ्या ७ आणि ७. पोरं झटकन म्हणत, वर २ आणि ३, खाली ५ आणि ४. तेही बरोबर बसतं! मग मी तिरपी बेरीज सांगे, वरच्या डाव्या खणापासून खालच्या उजव्यापर्यंत, ४. आता एकच उत्तर उरतं. सीटी स्कॅनर यापेक्षा वेगळं काही करत नाही, फक्त त्याच्या तिरप्या रेघा फार असतात.

राडोन यांचा निबंध जर्मनमध्ये पडून राहिला. केपटाऊनच्या रुग्णालयात काही दिवस काम केलेल्या ॲलन कॉर्मॅक या भौतिकशास्त्रज्ञांनी तेच गणित नव्याने उकललं, १९६३ आणि १९६४ मध्ये छापलं, आणि कोणी फारशी दखल घेतली नाही. राडोन यांनी हे आधीच करून ठेवलंय हे त्यांना सत्तरच्या दशकात कळलं. तिकडे इंग्लंडात गॉडफ्रे हाउन्सफिल्ड या इंजिनिअरने आपल्या वाटेने यंत्रच बांधलं. पहिल्या रुग्णाचा स्कॅन ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनला झाला. १९७९ चं नोबेल दोघांना मिळालं. डॉक्टर, गणितज्ञ, इंजिनिअर असे तिघे एका टेबलाशी बसते तर मधली किती वर्षं वाचली असती याचा हिशेब मी मांडत नाही. नुसता डोळ्यांसमोर आणतो.

यात आपल्या घरचंही माणूस आहे. १९७१ मध्येच जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी दाखवून दिलं की फुरिये रूपांतराचा वळसा न घेता साध्या कॉन्व्होल्यूशनने (शेजारच्या आकड्यांना ठरलेली वजनं देऊन केलेल्या बेरजांनी) अशी आकृती लवकर आणि चांगली उभी करता येते. रामचंद्रन म्हणजे प्रथिनांच्या रचनेवर काम करणारे. क्ष-किरणांची आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची चित्रं त्यांच्या हाताखालून गेलेली होती. त्यांची गरज खरी होती, म्हणून त्यांना ती वाट सुचली. आज सीटीचं शिकाऊ सॉफ्टवेअर उघडा, फिल्टरच्या यादीत 'राम-लाक' असतोच. आमची पोरं तो निवडतात आणि त्यातला राम कुठला, हे विचारतही नाहीत.

युरोपने झेरॉक्स मशीनच्या नशिबावर भरवसा ठेवायचं सोडून दिलं आहे. मारी क्युरी यांच्या नावाने तिथे संशोधक घडवण्याची जाळी चालतात. वेगवेगळ्या देशांतल्या निदान तीन संस्था एकत्र येतात, विद्यार्थ्याला रीतसर नोकरीवर घेऊन पगार देतात, आणि अट घालतात: ज्या देशात तू आजवर राहिलास तिथे नाही, दुसऱ्या देशात जायचं. गेल्या तीन वर्षांत यजमान देशात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेल्याला अर्जच करता येत नाही. शिवाय एक-तृतीयांशापर्यंतचा काळ जाळ्यातल्याच दुसऱ्या संस्थेत किंवा कंपनीत काढायची सोय. आमच्याच विषयात, हार्मोनिक ॲनालिसिस आणि संख्याशास्त्र यांना सिग्नल-प्रतिमांच्या कामाशी जोडणारं 'हॅसिप' नावाचं जाळं २००२ मध्ये सुरू झालं. मार्से, व्हिएन्ना ही त्यातली ठाणी. मार्से पुन्हा आलं, हे लक्षात आलं का?

आपल्याकडे काहीच नाही असं रडगाणं मला गायचं नाही. १९९३ पासून चालणारं एमटीटीएस हे गणिताचं उन्हाळी शिबिर मी जवळून पाहिलंय. चार आठवडे जाऊन आलेलं पोर परत आल्यावर वर्गात हात वर करून 'का' विचारू लागतं. राष्ट्रीय गणित केंद्राच्या एटीएम (प्रगत गणित प्रशिक्षणाच्या) शाळा उत्तम चालतात. २०१५ पासून 'ग्यान' योजनेत परदेशी प्राध्यापक आठवडा-दोन आठवडे येऊन शिकवतात. पण या सगळ्यात मूल गणिताच्या घरातून निघून गणिताच्याच घरी जातं, आणि आठवड्या-महिन्यात परत येतं, बरोबर सर्टिफिकेट. सर्टिफिकेटांच्या फायली आमच्याकडे फार जाड झाल्यात. मुक्कामाची रीत आमच्या शहराला परकी आहे असंही नाही. कॅटमधल्या इंडस-२ सिंक्रोट्रॉन या प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर देशभरचे संशोधक प्रस्ताव पाठवून वेळ मागतात, नमुने घेऊन येतात, रात्रपाळ्या करतात. तिथे क्ष-किरण इमेजिंगची बीमलाइनसुद्धा आहे. रसायनवाला येतो, भौतिकीवाला येतो. गणिताचा विद्यार्थी बॅग घेऊन निघालेला माझ्या तरी पाहण्यात नाही. त्याचा नमुना काय, तर वही आणि पेन्सिल. ती घेऊन कोण आत सोडणार, असं त्यालाच वाटतं.

आणि करारांचं म्हणाल तर एका संस्थेच्या एमओयूच्या कार्यक्रमाला मी पहिल्या रांगेत होतो. शाल, श्रीफळ, निळ्या फायलींची अदलाबदल, फोटो, मग समोसे. सहा महिन्यांनी चौकशी केली, किती विद्यार्थी तिकडे गेले? उत्तर मिळालं, नोडल ऑफिसरची बदली झालीय. विद्यार्थ्याचं नाव घातल्याशिवाय करारावर सही होऊ नये, एवढा एक नियम केला तरी अर्धे समोसे वाचतील.

खंडवा रोडच्या पट्ट्यात सुरुवात करायला पैसा फार लागत नाही, ही यातली मजा आहे. युरोपातल्या पोराला देश बदलावा लागतो. आमच्या पोराला बस बदलावी लागते. दहा मुलं घ्या. प्रत्येकाला दोन गाइड, एक गणिताचा, एक जिथे सिग्नल निघतो तिथला. नियमांत सहमार्गदर्शकाची सोय आजही आहे. तिचा उपयोग बहुधा एकाच विभागातल्या दोघांची मैत्री टिकवायला होतो. पहिले सहा महिने दुसऱ्या चुलीपाशी, हातात सूत्र न घेता. सोनोग्राफीच्या खोलीत बसायचं, शेतात जाऊन उत्पन्न मोजायच्या कापणी-प्रयोगाचा चौकोन आखताना बघायचं, मशीन दुरुस्त करायला आलेल्या माणसाला चहा पाजायचा. (हा शेवटचा मुद्दा गमतीचा वाटेल. पण प्रोबची एक वाहिनी मेली की चित्रात काळी पट्टी कशी उतरते, हे त्या माणसाइतकं कोणी नीट सांगत नाही.) मग एक टिपण लिहायचं: इथे कोणता प्रश्न आहे जो या लोकांना रोज छळतो. त्या टिपणावर तिथल्या माणसाची सही हवी, की हो, हाच आमचा प्रश्न. पीएच.डी. त्यानंतर सुरू.

यात खरी अडचण गाइडच्या हिशेबाची आहे, हे उघड बोलायला हवं. अर्धा विद्यार्थी म्हणजे अर्धे गुण, असा सोपा अर्थ प्राध्यापकाच्या बढतीच्या तक्त्यात निघत असेल तर कोणता प्राध्यापक स्वतःचं पोर उधार देईल? दोघांनाही पूर्ण गुण द्या. फुगवटा होईल, होऊ दे. एवीतेवी बाकीच्या रकान्यांत काय कमी फुगवटा आहे? दुसरी अडचण मुलींची. सिमरोलहून रात्री आठला शहरात परतणं किंवा कॅटच्या फाटकावर पास काढून रात्रपाळीला बसणं, हे आईबापांना पटवणं सोपं नसतं. दोन्हीकडे हॉस्टेलची एकेक खोली राखून ठेवल्याशिवाय मुक्कामाची अट घालणं म्हणजे मुलींना दाराबाहेर ठेवणं होईल. रुग्णांच्या चित्रांवरची नावं काढणं, एथिक्स कमिटीची परवानगी, ही कामं किचकट आहेत पण अशक्य नाहीत. तीही शिकण्याचाच भाग समजावीत.

माझे एक जुने सहकारी, टोपॉलॉजीतले, या कल्पनेवर भडकले. म्हणाले, "तुम्ही आमच्या पोरांचे प्लंबर करायला निघालात. दवाखान्याच्या मागण्या पुऱ्या करणं म्हणजे गणित नव्हे." त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. राडोन यांना कोणी सीटी स्कॅनर मागितला असता तर त्यांनी ते प्रमेय लिहिलं असतं की नाही, सांगता येत नाही. म्हणून मी प्रत्येक गणिताच्या विद्यार्थ्याबद्दल बोलतच नाही. ज्यांनी आपल्या विषयाच्या नावातच 'सिग्नल' आणि 'प्रतिमा' लिहिलंय त्यांच्याबद्दल बोलतोय. पाटीवर मिठाई लिहिली तर आत साखर हवी. आणि दुसऱ्याच्या चुलीपाशी गेल्याने गणित उथळ होतं हेही खरं नाही. रुडिन, ओशर आणि फातेमी यांनी १९९२ मध्ये चित्राच्या कडा न पुसता डाग पुसायचा प्रश्न हाती घेतला आणि त्यातून मर्यादित चलनाच्या (ज्यांचा एकूण चढउतार मर्यादेत राहतो अशा) फलनांचं गणित पुन्हा जोरात चालू झालं. आमच्या गुणाकाराने मिसळणाऱ्या रव्यासाठी नेमका कोणता ऊर्जाफल घ्यावा, म्हणजे सूत्राने काय कमीत कमी करायचं, यावर अजून भांडणं आहेत, आणि ती चांगली कठीण आहेत.

दुसरा आक्षेप तरुणांचा. आता हे सगळं एआय करतं, गणित कशाला? नेटवर्क शिकवायला स्वच्छ चित्र आणि रवाळ चित्र यांच्या जोड्या लागतात. देपालपूरच्या शेताचं बिनरव्याचं रडारचित्र आणणार कुठून? ते अस्तित्वातच नाही. मग पुन्हा आपणच भुरभुरवलेला रवा, म्हणजे लेनाच, नवी साडी नेसून. वेगाने एमआरआय काढण्याच्या 'फास्टएमआरआय' या स्पर्धेत २०२० मध्ये काही नेटवर्कांनी मुळात नसलेल्या रचना चित्रात उमटवल्याचं तपासणाऱ्या रेडिओलॉजिस्टांनी नोंदवलं आहे. ते ओळखलं नजरेने. ती नजर कुठल्या सूत्रात कशी बसवायची, हा प्रश्न गणितवाला आणि डॉक्टर एकाच खोलीत नसतील तर सुटत नाही.

आम्हा इंदूरच्या मराठी माणसांना तर हे जड जाऊ नये. घरात मराठी, बाजारात हिंदी, कागदावर इंग्रजी; दिवसातून दहा वेळा आम्ही भाषा बदलतो आणि त्याचं काही वाटत नाही. सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात बघा, कॅटमधून निवृत्त झालेले काका, एमवायमधली भूल देणारी डॉक्टर, सोयाबीनच्या संस्थेतला कोणाचा तरी भाचा, सगळे एका रांगेत चहा घेत असतात. बोलतात काय, तर नटाची तब्येत आणि भाच्याचं लग्न.

माझ्या विद्यार्थिनीला मी त्या डॉक्टरबाईंचा नंबर दिला. ती चार महिने दर शनिवारी स्वतःच्या सुट्टीत सोनोग्राफीच्या खोलीत कोपऱ्यात स्टुलावर बसली. पहिल्या दिवशी परत येऊन म्हणाली, "सर, डॉक्टरबाई थांबलेल्या चित्राकडे बघतच नाहीत, हलत्या चित्राकडे बघतात. प्रोब हलवला की रवा कसा सरकतो ते बघतात. मी तर एकेक थांबलेलं चित्र साफ करत बसले होते." तिने रवा पुसायचं सोडलं आणि मोजायला घेतलं: लिव्हरच्या एका तुकड्यातला रवा शेजारच्या तुकड्यापेक्षा किती जाड आहे, आणि हे किती खात्रीने सांगता येतं. प्रकरण चांगलं जमलं. तिच्या समितीतल्या एकांनी मात्र 'यात प्रमेय कमी आणि दवाखाना जास्त' असा शेरा मारला, तेव्हा ते परिशिष्टात गेलं. प्रबंधाच्या अर्जात गाइडसाठी रकाना आहे, सहमार्गदर्शकासाठी आहे, डॉक्टरबाईंसाठी नाही. त्यांचं नाव ऋणनिर्देशात आलंय, आईवडिलांच्या नंतर आणि मेसच्या मावशींच्या आधी.

पुढच्या महिन्यात माझी पुन्हा सोनोग्राफी आहे. परवा ती संध्याकाळी घरी आली, संकोचून एक कागद पुढे केला. "सर, तुमच्या लिव्हरचा डेटा वापरला तर चालेल ना? संमतीपत्र लागतं." बायको आतून म्हणाली, "द्या हो, कशाच्या तरी उपयोगी पडेल ते." मी सही करून दिली.